ज्याचा आवाज, त्याची पट्टी

जुन्या यंत्राबाबत आपल्याकडे साधारण दोन भूमिका घेतल्या जातात. पहिली पूजेची. ग्रामोफोन पितळी कर्ण्यासकट चकचकीत पुसायचा, दिवाणखान्यात मांडायचा, पाहुण्यांना दाखवायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. दुसरी भंगाराची. चालत नाही ना, मग किलोवर घालून मोकळे व्हा. वरकरणी या दोन भूमिका एकमेकींच्या विरोधात वाटतात. पण यंत्र का बंद पडले, हा प्रश्न दोघीही विचारत नाहीत.

आम्ही तिसरी भूमिका घेतो, ती चिकित्सेची. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ होतात. रोग्यावर उपचार करणे ही चिकित्सा, आणि एखादी गोष्ट डोळे झाकून न स्वीकारता पारखून घेणे हीही चिकित्साच. ग्रामोफोन उघडून बसलात की हे दोन अर्थ वेगळे राहत नाहीत. पारखल्याशिवाय उपचार केला तर यंत्र तर जातेच, पण यंत्रावर अवलंबून असलेला आवाजही जातो. हा लेख त्या आवाजाविषयी आहे.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही तिघे आहोत. एकाने आयुष्यभर कारखान्यात फिटर म्हणून काम केले, एकाचा घड्याळे आणि शिलाई मशीन दुरुस्तीचा व्यवसाय आहे आणि एकजण शाळेत विज्ञान शिकवते. दर रविवारी वस्तीतल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही बसतो. लोक आपापल्या माळ्यावरून चावीचे ग्रामोफोन काढून आणतात. पैसे घेत नाही, सुट्या भागांचा खर्च तेवढा घेतो. अट एकच असते. मालकाने शेजारी बसायचे आणि आम्ही काय करतो ते पाहायचे.

यंत्र कसे चालते ते थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे पुढचा मुद्दा कळेल. चावी फिरवली की डब्यातली पोलादी स्प्रिंग आवळली जाते. आवळलेल्या स्प्रिंगला एका दमात उलगडायचे असते. तिला तसे करू दिले तर थाळी भिरभिर फिरेल आणि काही क्षणांत सगळी चावी संपेल. म्हणून मध्ये गव्हर्नर बसवलेला असतो. एका बारीक दांड्याभोवती तीन वजने, प्रत्येक वजन एका पातळ पट्टीसारख्या स्प्रिंगवर. दांडा फिरू लागला की वजने बाहेर फाकतात. ती फाकली की दांड्यावरची एक चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा फेल्टच्या छोट्या गादीला घासते. घासली की गती आवरते. गती कमी झाली की वजने आत येतात, चकती सुटते. ही ओढाताण इतक्या झपाट्याने चालते की आपल्याला थाळी एकसारखी फिरताना दिसते. वेग कमी-जास्त करणारी कळ फिरवताना आपण फक्त ती गादी पुढे-मागे सरकवत असतो.

आवाजाचे काम साउंड बॉक्सचे. पिन रेकॉर्डच्या खाचेतून जाताना डावी-उजवीकडे हलते, ती हालचाल एका दांडीतून पडद्याच्या मध्यापर्यंत पोचते, आणि पडदा हवा हलवतो. पडदा अभ्रकाचा असतो, पुढच्या काळातल्या काही साउंड बॉक्समध्ये ॲल्युमिनियमचा. वीज नाही, ॲम्प्लिफायर नाही. जे ऐकू येते ते सगळे खाचेतून आलेले असते. त्यामुळे यंत्रात लपवाछपवीला जागा नाही. एखादा भाग खोटे वागला की आवाज लगेच सांगतो. प्रश्न इतकाच की ऐकणाऱ्याचे आपण ऐकतो का.

आता ज्या यंत्रामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याच्याकडे येतो.

एक आजी नातवाबरोबर पेटीसारखा घडीचा ग्रामोफोन घेऊन आल्या. यजमान गिरणीत होते, त्यांनी जुन्यातला घेतला होता. सोबत जुनेरात गुंडाळलेली एकच रेकॉर्ड. लेबल अर्धे फाटलेले, कंपनीचे नाव शाबूत आणि गाणारीचे नाव नेमके फाटक्या भागात. आजी म्हणाल्या, "ही माझी थोरली बहीण. फडात गायची. एकच रेकॉर्ड निघाली तिची. आता हीच उरलीय." नातू यंत्र विकायला निघाला होता. एका दुकानदाराने त्याला सुचवले होते की आतले सगळे काढून टाकू, पेटीत ब्लूटूथचा स्पीकर बसवू, छान दिसेल. आजींनी त्याला आडवे घातले आणि यंत्र आमच्याकडे आले.

चालते का, असे विचारल्यावर नातू म्हणाला, चालते की. आजी म्हणाल्या, "चालतं, पण ही ती नाही. ती एवढं बारीक गात नव्हती. आणि तिचा आवाज असा थरथरत नव्हता."

नातवाने आजीला समजावले की रेकॉर्ड जुनी आहे, असेच वाजणार. शिवाय वेगाचा काटा बरोबर ७८ वर आहे, कंपनीनेच आकडा छापलाय, चुकेल कसा?

मित्रांनो, इथे थांबून विचार करा. एका बाजूला छापील आकडा आहे. दुसऱ्या बाजूला शाळेत न गेलेल्या बाईचा कान आहे. आपण कोणावर विश्वास ठेवतो? बहुतेकदा आकड्यावर. छापलेले आहे म्हणून खरे, ही सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. पण चिकित्सेत छापील आकडाही एक दावाच असतो आणि बाईची साक्षही एक दावाच असते. दोन्ही तपासायचे. आम्ही तेच केले.

तपासणीला यंत्रे लागत नाहीत. थाळीवर एक निकामी रेकॉर्ड ठेवली, तिच्या कडेखाली कागदाची पट्टी बाहेर डोकावेल अशी सरकवली आणि पिन खाचेत ठेवली. पिन खाली असतानाच मोजायचे, कारण पिनच्या ओढीने वेग थोडा पडतो. मग सेकंद काटा असलेले घड्याळ समोर ठेवून पट्टी मिनिटात किती वेळा समोरून गेली ते मोजले. ८३. पुन्हा मोजले. ८३. रेघा असलेली स्ट्रोबची चकती वापरूनही वेग जोखता येतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी ७७ रेघांची चकती असते. पण तिला जुना पिवळा दिवा किंवा निऑनचा दिवा लागतो, हल्लीच्या बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत. कागदाची पट्टी कुठल्याही दिव्याखाली चालते.

७८ च्या जागी ८३ म्हणजे सहा टक्क्यांहून थोडा जास्त वेग. आणि हार्मोनियमवर एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जायला साधारण सहा टक्क्यांचाच फरक लागतो. म्हणजे काळी एकमध्ये गाणारी बाई या यंत्रावर पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येणार. नुसती पट्टी चढत नाही, आवाजाची जातकुळीच बदलते. भरदार गळा किनरा होतो, पोक्त बाई पोरसवदा वाटते, ठेका घाईघाईचा होतो. तीन मिनिटांचे गाणे दहा-अकरा सेकंद आधी संपते. आजी बरोबर होत्या. छापील काटा खोटे सांगत होता.

पण "काटा खोटा" एवढ्यावर थांबणे म्हणजेही अर्धवट चिकित्सा. कळ थोडी मागे फिरवून वेग ७८ वर आणता आला असता. वेग जुळला असता आणि कारण तसेच राहिले असते. शिवाय आजींची दुसरी तक्रार बाकी होती, थरथरीची. म्हणून मोटर बाहेर काढायची ठरली.

इथे नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी एक इशारा. चावी भरलेली असताना मोटरच्या कुठल्याही स्क्रूला हात लावू नका. विशेषतः गव्हर्नर तर मुळीच काढू नका. तो निघाला की अडवणारे कोणी उरत नाही, स्प्रिंगचा सगळा जोर एकदम चाकांवर येतो आणि दात झडतात, बोटेही जाऊ शकतात. आधी पिन उचलून ब्रेक सोडा आणि थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या. थांबली म्हणजे चावी संपलीच असेही समजू नका, काही वेळा गव्हर्नर अडकल्याने थाळी थांबलेली असते आणि स्प्रिंग आवळलेलीच असते. तसे असेल तर चावीचा दांडा घट्ट धरून, अडवणारी खिटी बाजूला करून, एकेक फेरा हळूहळू मोकळा करायचा. स्प्रिंगचा डबा उघडायचा तर जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेली गोष्ट मोकळी होताना जपून राहावे लागते.

मोटर उघडली आणि दोन कारणे सापडली. पहिले, चामड्याची गादी झिजून, सुकून कडक झाली होती. गादी झिजली की चकतीला तिच्यापर्यंत पोचायला जास्त सरकावे लागते, त्यासाठी वजनांना जास्त फाकावे लागते, म्हणजे दांड्याला जास्त जोरात फिरावे लागते. कळ जागेवरच, काटा ७८ वरच, पण वेग चढलेला. दुसरे कारण अधिक बोलके होते. गव्हर्नरच्या तीन स्प्रिंगांपैकी एक कधीतरी तुटली होती आणि आधीच्या कुणा कारागिराने तिच्या जागी जाड पत्र्याची पट्टी कापून बसवली होती. दोन पातळ, एक जाड. जाड पट्टीचे वजन बाकीच्या दोघांबरोबर बाहेर येईना. तिघे समतोल नसल्याने दांडा हेलपाटत फिरत होता आणि तो हेलपाटा चाकांतून थाळीपर्यंत, थाळीतून खाचेपर्यंत आणि खाचेतून त्या बाईच्या गळ्यापर्यंत पोचत होता. थरथर गळ्याची नव्हती, गव्हर्नरची होती.

म्हणून नियम असा की एक स्प्रिंग तुटली तरी तिन्ही बदलायच्या, एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या. आम्ही तिन्ही बदलल्या. गादीसाठी मऊ चामडे कापले, त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दिला, कारण कोरडी गादी चरचरते आणि वेग हिसके खातो. गव्हर्नरच्या दांड्याची दोन्ही टोके ज्या बुशांत फिरतात त्यांची छिद्रे या मोटरमध्ये मुद्दाम मध्यापासून सरकवलेली होती. बुश किंचित फिरवले की दांडा शेजारच्या चाकाच्या जवळ जातो किंवा दूर होतो. फार जवळ गेला तर मोटर घरघरते, फार लांब राहिला तर दात निसटतात. दांड्याला उभ्यात कागदाच्या जाडीएवढी हालचाल ठेवायची. घट्ट आवळले म्हणजे मजबूत झाले, ही समजूत इथे चालत नाही. फिरणाऱ्या गोष्टीला फिरायला जागा द्यावी लागते.

मुख्य स्प्रिंगवरचे जुने ग्रीस वाळून डांबरासारखे झाले होते. त्यामुळे स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि मध्येच सुटतात. सुटताना पेटीतून "धप्प" असा आवाज येतो आणि गाण्याला धक्का बसतो. लोकांना वाटते स्प्रिंग तुटली. बहुतेकदा ती फक्त घाण झालेली असते. स्प्रिंग रॉकेलने धुतली, पुसून कोरडी केली, ग्रेफाइटचे ग्रीस पातळ लावले.

राहिला साउंड बॉक्स. अभ्रकाचा पडदा दोन रबरी नळ्यांच्या कड्यांमध्ये धरलेला असतो. ते रबर कालांतराने दगडासारखे कडक होते आणि पडद्याला हलू देत नाही. मग आवाज फाटतो, वरच्या सुरात कर्र असा घासल्यासारखा नाद येतो. रबर मऊ, नवे हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पिनची दांडी पडद्याच्या मध्याला नुसती टेकली पाहिजे, तिने पडदा आत ढकलता कामा नये आणि बाहेर ओढताही कामा नये. मधला बारीक स्क्रू सैल करून पाहायचे. दांडी जागची हलली नाही, तर जुळणी बरोबर. हलली, तर पडदा आधीपासून ताणाखाली होता. ताणाखाली असलेला पडदा खाचेतले सांगत नाही, स्वतःचे दुखणे सांगतो. शेवटी मध्यावर मेणाचा कण लावून तो सांधा बंद करायचा.

हे सगळे झाल्यावरही आजींची रेकॉर्ड आम्ही थाळीवर ठेवली नाही. पहिल्यापासून एकदाही ठेवली नव्हती. याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे.

ग्रामोफोनची पोलादी पिन रेकॉर्डवर शंभर ग्रॅमहून जास्त वजनाने बसते, आणि तो भार सुईच्या टोकाएवढ्या जागेवर येतो. रेकॉर्डमध्ये लाखेबरोबर दगडाची भुकटी मुद्दाम मिसळलेली असते, पिन घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. म्हणूनच एक पिन एकाच बाजूपुरती वापरायची असते. तीच पिन पुन्हा पुन्हा वापरली की तिच्या कडा पटाशीसारख्या धारदार होतात आणि खाच खरवडतात. पिन नवी असली तरी प्रत्येक वाजवण्यात थोडी झीज होतेच. बिघडलेल्या यंत्रावर ती कितीतरी जास्त होते. अडखळणारा टोनआर्म, कडक पडदा, जुनी पिन ही तिन्ही एकत्र आली की यंत्र गाणे वाजवत नाही, गाणे खाते. हजारो प्रती निघालेल्या गाण्याचे काही बिघडत नाही. पण जिची एकच प्रत उरली, जिचे नाव लेबलावरही उरले नाही, तिचा आवाज असा खाल्ला गेला तर पुन्हा कुठून आणणार?

यावर आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे होते की ही रेकॉर्ड ग्रामोफोनवर कधीच वाजवू नये. चार-पाच ग्रॅम वजनाच्या विजेवरच्या प्लेअरवर, ७८ च्या रुंद खाचेसाठीची सुई लावून एकदा उतरवून घ्यावी आणि तबकडी कायमची जपून ठेवावी. दुसऱ्याचे म्हणणे होते, मग यंत्र दुरुस्त कशाला केले? आजी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "कपाटात ठेवलेला आवाज कुणाचा? माझी बहीण माणसांपुढं गायची."

दोन्ही म्हणणी खरी होती, म्हणून क्रम लावला. आधी विजेच्या प्लेअरवर, मोजून ७८ च्या वेगाने गाणे उतरवून घेतले. तीन ठिकाणी प्रती ठेवल्या. सोबत नोंद केली: गाणारीचे नाव आजींनी सांगितले तसे, गावाचे नाव, फडाचे नाव, उतरवण्याचा वेग, कोणती सुई, कोणत्या तारखेला. मग ग्रामोफोनवर नवी, सौम्य आवाजाची पिन लावली, टोनआर्म मोकळा फिरतो ना ते पुन्हा पाहिले, ७८ फेरे पुन्हा मोजले आणि रेकॉर्ड एकदा वाजवली. आजी पहिल्या ओळीलाच म्हणाल्या, "हां. ही ती." आमच्या कामाला याहून मोठे प्रमाणपत्र नाही.

आता यातून निघणारे मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा ज्ञानाचा. गव्हर्नर हेलपाटतोय हे आमच्यातल्या फिटरने डोळ्यांनी पाहण्याआधी पेटीवर तळहात ठेवून ओळखले होते. हे ज्ञान नाही तर काय आहे? पण आपल्या समाजात हाताने ओळखणाऱ्याला कारागीर म्हणून दाराबाहेर ठेवायचे आणि त्याच गोष्टीवर खुर्चीत बसून बोलणाऱ्याला तज्ज्ञ म्हणायचे, अशी रीत आहे. जातीने नुसती कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून वेगळी पाडली, हे बाबासाहेबांनी आपल्याला केव्हाच दाखवून दिले आहे. हाताला डोक्यापासून तोडले की दोघांचेही नुकसान होते. जाड पट्टी बसवणाऱ्या कारागिराचा हात वाईट नव्हता, तिची कापणी अगदी सफाईदार होती. तीन वजने एकाच जोराने का फाकली पाहिजेत, हे त्याला कुणी सांगितले नसावे, एवढेच. आणि ज्यांना ते पुस्तकातून ठाऊक असते त्यांतल्या बहुतेकांनी गव्हर्नर कधी हातात धरलेला नसतो. आमच्या खोलीत मालकाला शेजारी बसवण्यामागे हेच कारण आहे.

दुसरा मुद्दा मालकीचा. ग्रामोफोन म्हटले की कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा आठवतो. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराचे ते चित्र, कुत्र्याचे नाव निपर, आणि चित्राचे नाव मालकाचा आवाज. फार थोड्यांना ठाऊक असते की मूळ चित्रात कुत्र्यासमोर एडिसनच्या पद्धतीचा, मेणाच्या नळकांड्यांचा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेताना बॅरॉडने त्यावर रंग चढवून चपट्या तबकडीचा ग्रामोफोन काढला. हा फरक किरकोळ नाही. एडिसनने १८७७ मध्ये बनवलेला फोनोग्राफ ऐकवायचा तसा टिपूनही घ्यायचा. पुढे मेणाच्या नळकांड्यांच्या यंत्रांवर घरात बसून आवाज मुद्रित करता येई, नळकांडे तासून पुन्हा वापरता येई. १८८७ मध्ये एमिल बर्लिनरने ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याच्या तबकडीच्या प्रती काढणे सोपे होते, म्हणून ती जिंकली. पण घरात आलेल्या ग्रामोफोनला आवाज टिपता येत नसे. बोलण्याची सोय कारखान्याकडे गेली आणि घराच्या वाट्याला ऐकणे आले. चित्रावरचा रंग त्या बदलाची खूण आहे.

आणि ज्या मालकाचा आवाज म्हणून ते यंत्र विकले गेले, त्याचे साहित्य कुठले होते? रेकॉर्डची लाख पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांपासून मिळते, आणि तिचा फार मोठा हिस्सा छोटा नागपूरच्या पट्ट्यातून जगभर जात असे. ती गोळा करणारे हात मुख्यतः आदिवासींचे. पडद्याला लागतो तसल्या अभ्रकाचा मोठा साठा कोडरमा भागात, आणि त्याचे पापुद्रे सुटे करण्याचे काम बायका आणि मुले करीत. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा ती गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगायची. तबकड्या परदेशात बनत, तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून. कारण व्यवहाराचे असेल, पण त्यामुळे लेबल गेले तरी नाव राहिले. आजींच्या बहिणीच्या रेकॉर्डवर तसे नाव नाही. तिचे नाव आता आमच्या नोंदीत आहे, कारण तिला ओळखणारा एक कान वेळेत आमच्या खोलीत पोचला. प्रत्येक वेळी असे होत नाही.

तिसरा मुद्दा दुरुस्तीच्या नीतीचा. दुरुस्ती म्हणजे यंत्र आपल्याला आवडेल तसे करणे नव्हे. लोक सांगतात, आवाज जरा मोठा करून द्या, वेग थोडा वाढवा म्हणजे गाणे उठावदार वाटेल, जुना रंग काढून पॉलिश मारा. आम्ही नाही म्हणतो. गाणारी ज्या पट्टीत गायली त्या पट्टीत ती ऐकू येणे हा तिचा हक्क आहे, तिच्या माघारी तो आपण राखायचा. अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डी तर नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्याही नाहीत, काही ७० च्या आसपास, काही ८० च्या पुढे. तिथे छापील आकड्यापेक्षा वाद्यांचा सूर, गाण्याचा ठेका आणि त्या माणसाला ऐकलेल्यांची साक्ष यांचाच आधार घ्यावा लागतो. आणि आपण केलेला बदल पुढच्या माणसाला परत काढता आला पाहिजे. काढलेली जुनी जाड पट्टीसुद्धा आम्ही फेकली नाही, चिठ्ठी लावून पेटीत ठेवली. पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला कळू द्या की इथे काय झाले होते.

शेवटी, तुमच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. घरात, नातेवाइकांकडे, वस्तीत असे यंत्र असेल तर आधी त्याची चावी जोराने फिरवू नका. वर्षानुवर्षे न वापरलेल्या यंत्रावर घरातली चांगली रेकॉर्ड लावू नका. रेकॉर्ड पुसायला स्पिरिट वापरू नका, लाख त्यात विरघळते. साधे पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ कापड पुरे, लेबल कोरडे ठेवा. लाँग प्लेची प्लास्टिकची तबकडी चावीच्या ग्रामोफोनवर कधीही ठेवू नका, पहिल्याच वेळी खाच खरवडली जाईल. जुन्या बाजारात नवा पितळी कर्णा लावलेले, ओळखीचा बिल्ला चिकटवलेले यंत्र दिसले तर आधी मोटर पाहा, चकाकी नंतर. आणि सगळ्यात आधी, रेकॉर्डवरच्या माणसाला ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले आहे त्यांना शेजारी बसवा. त्यांना विचारा, हा आवाज असाच होता का. त्यांचे उत्तर लिहून घ्या, नाव आणि तारखेसह.

यंत्र दुरुस्त व्हायला चार रविवार जास्त लागले तरी चालतील. मोटरचे भाग शोधून मिळतात, नाही मिळाले तर घडवता येतात. ओळखणारी माणसे घडवता येत नाहीत. म्हणून माळ्यावरची पेटी खाली काढण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा.